गरिबाची बंदूक



इतिहासाच्या व्याख्यानात बंदूक आली म्हणजे लढाई आली, असे आपण गृहीत धरतो. पानिपत, खडकी, अष्टी ही नावे डोळ्यांपुढे उभी राहतात. परंतु आज मी ज्या बंदुकीविषयी बोलणार आहे तिने एकही लढाई जिंकलेली नाही. ती शेताच्या माळ्यावर, घोंगडीखाली, दवापासून जपून ठेवलेली असे. तिची नळी एकच, दस्ता बहुधा एकदा तरी मोडून तारेने बांधलेला, आणि तिचा मालक महिन्यातून दोनदा बार काढायचा की एकदाच, याचा हिशेब करणारा. यावल, रावेर, चोपडे या सातपुड्याच्या पायथ्याच्या तालुक्यांत अशी बंदूक ज्यांनी पाहिली आहे, असे वृद्ध गृहस्थ आजही भेटतात. तिची हकिगत सांगणे म्हणजे सरकारने शेतकऱ्यावर कधी आणि किती विश्वास ठेवला, याची हकिगत सांगणे होय.

प्रथम वस्तूची ओळख करून घेऊ. आपल्या भाषेत बंदुकीच्या जातींना जी नावे आहेत ती बार पेटविण्याच्या रीतीवरून पडली आहेत. तोड्याची बंदूक सर्वांत जुनी. तिच्या कानाशी रंजक घालावयाची आणि जळत्या तोड्याने ती पेटवावयाची. पावसाची सर आली की तोडा विझे आणि बंदुकीची काठी होई. त्यानंतर गारगोटीच्या ठिणगीने पेटणारी पथरकला आली. पुढे टोपीची बंदूक आली. तिची मूळ कल्पना काढणारा अलेक्झांडर फोर्सिथ हा स्कॉटलंडमधील एक धर्मोपदेशक होता, सेनापती नव्हे. पाखरांच्या शिकारीचा त्याला नाद. गारेची ठिणगी आणि धूर पाहून पाखरे गोळी पोहोचण्याआधीच उडत, म्हणून आघाताने पेटणाऱ्या मसाल्याची युक्ती त्याने शोधली आणि १८०७ साली तिचे पेटंट घेतले. तांब्याच्या टोपीचे रूप तिला नंतर आले.

ह्या तिन्ही बंदुका ठासणीच्या. नळीच्या तोंडातून दारू ओतावयाची, वर चिंधी किंवा काथ्याचा बोळा, मग छर्रे, पुन्हा बोळा, आणि गजाने ठासावयाचे. मागून काडतूस घालावयाची बंदूक एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला युरोपात रूढ होऊ लागली आणि शतकाच्या अखेरीस साहेबांच्या व संस्थानिकांच्या हातांत सर्रास दिसू लागली. तिचे ‘बारा बोअर’ हे नाव आपल्याकडे खेड्यापाड्यांत रुळले आहे. त्याचा अर्थ इतकाच की, त्या नळीत चपखल बसतील अशा शिशाच्या गोळ्या एका पौंडात बारा होतात. गोळी जितकी लहान तितक्या त्या अधिक, म्हणून सोळा बोअरची नळी बारा बोअरहून अरुंद. हा साधा खुलासा दुनळी बाळगणाऱ्या पुष्कळांनाही ठाऊक नसतो.

आता खानदेशाकडे वळू. १८१८ साली पेशवाई बुडाली आणि हा मुलूख इंग्रजांकडे आला, तेव्हा तो उजाड झालेला होता. पेंढाऱ्यांच्या धाडी, दुष्काळ आणि सरदारांची भांडणे यांनी गावेच्या गावे ओस पडली होती. मालेगाव व अंमळनेर येथील अरब शिबंदीने इंग्रजांशी त्याच वर्षी झुंज दिली. यावलच्या गढीवर निंबाळकरांचा अंमल राहिलेला होता. अशा काळात खेडेगावात बंदूक असणे ही नवलाची गोष्ट नव्हती. गढीच्या बुरुजावर, पाटलाच्या वाड्यात, व्यापाऱ्याच्या तांड्याबरोबर आणि डोंगरातील नाईकाच्या वस्तीवर तोडेदार बंदुका होत्याच. त्यांची नोंद नव्हती आणि परवानाही नव्हता. शेते पडीक झाल्याने जंगल तापीच्या काठापर्यंत उतरले होते. वाघ आणि रानडुक्कर हे त्या जंगलाचे रहिवासी. उजाड मुलूख पुन्हा वसवावयाचा तर नांगराइतकीच राखणीची गरज होती.

ही राखण परंपरेने कोणाकडे होती? डोंगराच्या तोंडाशी राहणाऱ्या भिल्ल व तडवी मंडळींकडे. घाट सांभाळणे, गावाची जागल करणे ह्याबद्दल त्यांना हक्क मिळत. ते हक्क बुडाले तेव्हा राखणदारच लुटारू झाले, असे सरकारी कागद म्हणतात. हक्क कोणी बुडविले, हे मात्र ते कागद दबक्या आवाजात सांगतात. एल्फिन्स्टनने ह्या रोगावर जे औषध काढले ते लक्षात घेण्यासारखे आहे. १८२५ साली जेम्स औट्रम ह्या तरुण अधिकाऱ्याने धरणगाव येथे भिल्लांची पलटण उभारली. तो त्यांच्याबरोबर शिकारीला गेला, त्यांच्या वस्त्यांत राहिला, आणि कालपर्यंत ज्यांच्यावर सैन्य पाठविले त्यांच्याच हाती सरकारी बंदुका दिल्या. तो प्रयोग सफल झाला. बंदूक हाती दिल्याने भिल्ल बिघडला नाही. त्याला पगार व मान मिळाला आणि तो शिस्तीत उभा राहिला.

परंतु हा धडा टिकला नाही. १८५७ च्या धामधुमीत सेंधव्याच्या घाटाची राखण ज्याच्याकडे होती तो खाज्या नाईक आणि त्याचा सोबती भीमा नाईक यांनी सातपुड्यात बंड उभारले. ११ एप्रिल १८५८ रोजी अंबापाणी येथे त्यांची इंग्रजी फौजेशी निकराची लढाई झाली. खडकांच्या आडून तोडेदार बंदुका चालल्या, बाण सुटले, आणि पुढे जो सूड उगविला गेला त्यातून बायकामुलेही सुटली नाहीत. १८५७ आणि १८६० साली हत्यारांविषयी दोन कायदे झाले. गावोगाव हत्यारे गोळा करण्याचा काळ सुरू झाला.

त्यावर कळस चढविला तो लॉर्ड लिटनच्या अमदानीतील १८७८ च्या हत्यारांच्या कायद्याने. त्याच वर्षी, त्याच महिन्यात देशी वृत्तपत्रांची मुस्कटदाबी करणारा कायदाही झाला. लेखणी आणि बंदूक ह्या दोहोंची भीती एकाच वेळी वाटावी, यात त्या राज्यकर्त्यांचे मन उघडे होते. ह्या कायद्यातील ‘हत्यारे’ ह्या शब्दाची व्याख्या मुळातून पाहण्यासारखी आहे. तीत बंदुका आहेत, संगिनी, तलवारी, खंजीर, भाले आहेत, तोफाही आहेत, आणि धनुष्यबाणही आहेत. म्हणजे सातपुड्यातील भिल्लाच्या पोराचे जे पहिले खेळणे, तेही कायद्याच्या नजरेने तोफेच्या पंक्तीला जाऊन बसले! व्यवहारात धनुष्यबाणाकडे बहुतेक ठिकाणी काणाडोळा झाला, ही गोष्ट वेगळी. व्याख्या करणाऱ्याच्या मनात काय होते ते मात्र व्याख्येवरून कळते.

ह्या कायद्याखालील नियमांनी युरोपियनांना परवान्यातून सूट दिली होती. बड्या पदवीधारक हिंदी लोकांनाही सूट मिळे. साहेबाचा खानसामा ज्या दुनळीला तेल लावी ती साहेबाने परवान्यावाचून बाळगावी, आणि ज्याच्या शेतातली ज्वारी रात्री डुकरांनी झोपविली त्याने मात्र एका जुनाट ठासणीसाठी पाटलाचा दाखला, मामलेदाराची शिफारस आणि कलेक्टराची मर्जी मिळवावी, अशी ती व्यवस्था. बंदूक ही गरजेची वस्तू न राहता मेहेरबानीची वस्तू झाली. वाड्याच्या दिवाणखान्यात ती खुंटीवर टांगली जाऊ लागली ती डुकरांसाठी नव्हे, पाहुण्यांनी पाहावी म्हणून. आपल्याकडे परवान्याला आजही जी प्रतिष्ठा चिकटलेली आहे तिचा उगम येथे आहे.

काँग्रेसने ह्या कायद्याविरुद्ध १८८७ च्या मद्रास अधिवेशनापासून ठराव केले. ह्या प्रश्नाचा अहिंसेशी विरोध आहे असे समजणारांनी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. १९१८ साली खेडा जिल्ह्यात सैन्यभरतीसाठी फिरताना गांधीजींनी लिहिले होते की, इंग्रजी राज्याच्या अनेक दुष्कृत्यांत सबंध राष्ट्राला निःशस्त्र करणारा कायदा इतिहास सर्वांत काळा मानील. पुढे जानेवारी १९३० मध्ये त्यांनी सरकारपुढे ज्या अकरा मागण्या ठेवल्या त्यांत, लोकांच्या नियंत्रणाखाली स्वसंरक्षणासाठी बंदुकीचे परवाने मिळावेत, ही एक होती. मिठावरचा कर आणि शेतसारा ह्यांच्याच यादीत ही मागणी बसली होती. १९३१ च्या कराची ठरावातील मूलभूत हक्कांतही, नियमांना अधीन राहून शस्त्र बाळगण्याचा हक्क नमूद झाला. १९२० च्या नियमांनी वर्णावरून होणारा भेद कागदावरून बराचसा काढून टाकला होता. पण मेहेरबानीचा वास गेला नव्हता.

डिसेंबर १९३६ मध्ये आपल्या यावल तालुक्यातील फैजपूरला काँग्रेसचे पन्नासावे अधिवेशन भरले. खेड्यात भरलेले ते पहिले अधिवेशन. पंडित जवाहरलाल नेहरू अध्यक्ष, आणि नंदलाल बोस यांनी बांबू व गवतासारख्या गावच्या वस्तूंनी सजविलेले नगर. तेथे शेतकऱ्यांचा कार्यक्रम मंजूर झाला. सारा, कर्ज, खंड हे त्यातले मोठे विषय. बंदुकीचा प्रश्न त्यापुढे लहान होता, हे कबूल केलेच पाहिजे. पण त्या मंडपापासून उत्तरेला जी डोंगराची निळी रांग दिसत होती, तिच्या पायथ्याचा शेतकरी त्या रात्रीही माळ्यावर डबा बडवीत बसला असेल.

घटना समितीत हा प्रश्न पुन्हा निघाला. डिसेंबर १९४८ मध्ये ह. वि. कामत यांनी शस्त्र बाळगण्याचा हक्क मूलभूत हक्कांत घालावा अशी दुरुस्ती सुचविली. डॉ. आंबेडकरांनी ती मानली नाही. वाटेल त्याने बाजारात जाऊन वाटेल ते हत्यार विकत घ्यावे असा हक्क दिल्यावर राज्य चालणार कसे, असा त्यांचा सवाल होता. तो सवाल रास्त होता. नुकत्याच झालेल्या फाळणीचे रक्त अजून वाळले नव्हते. हक्क घटनेत आला नाही. तो कायद्यावर सोपविला गेला.

तो कायदा १९५९ साली झाला आणि १ ऑक्टोबर १९६२ पासून अमलात आला. आपल्या विषयाच्या दृष्टीने त्यातील तेरावे कलम फार महत्त्वाचे. इतर बंदुकांसाठी सबळ कारण दाखवावे लागते. परंतु संरक्षणासाठी किंवा शिकारीसाठी निदान वीस इंच नळीची गुळगुळीत नळीची बंदूक, किंवा पिकाच्या प्रामाणिक राखणीसाठी ठासणीची बंदूक मागितली, तर अन्य काही हरकत नसल्यास परवाना द्यावा, असे कलम म्हणते. ठासणीने काम भागणार नाही असे दिसले तर गुळगुळीत नळीची दुसरी बंदूक देण्याचीही मुभा आहे. म्हणजे गरिबाच्या बंदुकीला स्वतंत्र भारताच्या कायद्याने नाव घेऊन जागा दिली. 

आता ही बंदूक बाळगण्याचा घरगुती हिशेब पाहू, कारण कायद्याइतकाच तोही निर्णायक होता. विलायती दुनळी ही बागायतदाराची आणि वकिलाची वस्तू. तिच्याखालोखाल देशी एकनळी. मुंगेर हे बिहारमधील शहर मीर कासीमच्या वेळेपासून बंदुकांच्या कारागिरीसाठी प्रसिद्ध, आणि तेथील परवानाधारक कारखानदारांच्या साध्या बंदुका देशभर जात. सरकारी कारखान्यांपैकी इशापूर येथे बारा बोअरच्या बंदुका आणि आपल्या पुण्याजवळ खडकीला काडतुसे होत असत. खडकीचा तो कारखाना १८६९ चा. आणि सर्वांच्या खाली ठासणीची.

ठासणी लोकप्रिय होण्याचे कारण केवळ किंमत नव्हे. काडतुसाचा खर्च ठरलेला असतो; डुक्कर मारावयाचे असो की नुसते हुसकावयाचे, काडतूस गेले ते गेले. ठासणीत मात्र मालकाच्या हाती काटकसर असे. नुसता आवाज करावयाचा तर थोडी दारू आणि बोळा. छर्ऱ्यांची गरज नाही. राखणीच्या दहा रात्रींपैकी नऊ रात्री आवाजानेच काम होई. बागायतदार एल. जी. किंवा एस. जी. असे छाप पाहून जाड छर्ऱ्यांची काडतुसे घेई, तेव्हा गरीब माणूस शिसे वितळवून स्वतःच छर्रे पाडी, नाहीतर लोखंडाचे तुकडे आणि बारीक खडे भरी. ह्या शेवटच्या काटकसरीने नळी खरवडून जाई आणि कधी फुटे. चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला, ही म्हण येथे उलटी लागू पडते: मसाला वाचविताना कोंबडी जाई, आणि कधी हाताची बोटेही जात.

निगा हाच खरा खर्च होता. काळ्या दारूचा मळ हवेतील ओल ओढून घेतो. बार काढल्यावर त्याच दिवशी नळी कढत पाण्याने धुऊन, कोरडी करून तेलाचा हात फिरविला नाही तर मृगाच्या एका आठवड्यात आत गंज चढे. म्हणून जाणता माणूस बार काढण्यापूर्वी दोनदा विचार करी. छर्रे वाचविण्यापेक्षा उद्याची धुणी वाचविण्याकडे त्याचे लक्ष असे. भरलेली बंदूक रिकामी समजून पुन्हा भरणे, हा सर्वांत मोठा धोका. त्यावर उपाय म्हणून गजावर एक खूण कोरीत. गज नळीत सोडावयाचा. खूण नळीच्या तोंडाशी आली तर नळी रिकामी, वर राहिली तर भरलेली. अक्षरशत्रू माणसालाही हा हिशेब कळे आणि त्याने कितीतरी जीव वाचले असतील.

याशिवाय कागदांचा खर्च. यावल, फैजपूर, जळगाव अशा खेपा, नूतनीकरण, पोलीस चौकशी, निवडणुकीच्या वेळी ठाण्यात बंदूक जमा करणे व परत आणणे. एस. टी. चे भाडे आणि बुडालेला रोज धरला तर पाच-सहा वर्षांत बंदुकीची किंमत रस्त्यावरच खर्च होई. तरीही लोक ती ठेवीत, कारण एका रात्रीत डुकरांचा कळप भुईमुगाची किंवा मक्याची जी नासाडी करतो, तिच्यापुढे हा खर्च थोडा होता.

मात्र ही बंदूक नेमकी कोणाला मिळाली, हा प्रश्न विचारल्याशिवाय ही हकिगत पुरी होत नाही. पीक-राखणीच्या परवान्यासाठी जमीन दाखवावी लागते. ज्याचा सातबारा स्वच्छ, ज्याची केळीची बाग विहिरीवर, त्याचा अर्ज सोपा. जंगलाच्या अगदी कडेला, वनजमिनीच्या तुकड्यावर ज्वारी पेरणारा पावरा किंवा तडवी सातबारा कोठून आणणार? वन हक्कांचा कायदा येण्यास २००६ साल उजाडावे लागले. म्हणजे डुक्कर ज्याच्या शेतात प्रथम शिरते त्याच्याकडे गोफण, आणि तीन शेते ओलांडून ज्याच्याकडे क्वचित पोहोचते त्याच्याकडे बंदूक! शिवाय ह्याच डोंगरवासीयांचे आजे-पणजे एके काळी गावाचे नेमलेले राखणदार होते.

पुढचे वळण जंगलाच्या बाजूने आले. १९६९ साली यावल अभयारण्य जाहीर झाले आणि १९७२ साली वन्यजीव संरक्षणाचा कायदा झाला. त्याच्या चौतिसाव्या कलमाप्रमाणे अभयारण्यात किंवा त्याच्यापासून दहा किलोमीटरांच्या आत राहणाऱ्या परवानाधारकाने आपले नाव वनखात्याकडे नोंदवावयाचे असते; तसेच त्या पट्ट्यात मुख्य वन्यजीव रक्षकाच्या संमतीवाचून नवा परवाना देता येत नाही. पिकाचे नुकसान करणाऱ्या रानडुकराला मारण्यासाठीही वनखात्याची परवानगी लागते. अशा रीतीने बंदूक एका कायद्याने हातात दिली आणि तिचा उपयोग दुसऱ्या कायद्याच्या ताब्यात गेला. नुकसानभरपाईची सोय झाली, परंतु पंचनाम्याला लागणारा वेळ उभ्या पिकाला मानवत नाही.

येथे मी शेतकऱ्याची बाजू घेऊन थांबणार नाही, कारण दुसरी बाजूही तितकीच खरी आहे. सातपुड्याच्या ह्या भागातील वाघ जवळजवळ नाहीसा झाला तो केवळ साहेबांच्या शिकारीने नव्हे. पीक-राखणीच्या नावाखाली किती सांबरे, किती भेकरे आणि किती मोर ठासणीच्या तोंडी गेले, हे आपण सर्व जाणतो. आणि अंधारात पिकात काही हलले म्हणजे ते डुक्कर, की पहाटे मोहफुले वेचायला निघालेली बाई, हे छर्ऱ्याला कळत नाही. ज्याच्या हातून असे घडते तो माणूस उरलेले आयुष्य मान खाली घालून जगतो. स्वस्त बंदुकीची ही किंमत कोणत्याही हिशेबवहीत लिहिलेली नाही.

आज ठासणी जवळजवळ संपली आहे. १९८३ च्या दुरुस्तीने माणशी तीन बंदुकांची मर्यादा घातली, २०१९ साली ती दोनवर आली. २०१६ च्या नियमांनी सुरक्षित हाताळणीच्या शिक्षणाची अट घातली. गरिबाजवळ मुळात एकच बंदूक होती, त्यामुळे ह्या मर्यादेशी त्याचे भांडण नाही. त्याच्या माळ्यावर आता विजेचे दिवे, ध्वनिक्षेपक आणि झटका देणाऱ्या तारा आल्या आहेत. तापीच्या पलीकडे वरणगावच्या कारखान्यात १९६४ पासून सैन्यासाठी काडतुसे तयार होतात. अलीकडे यावलच्या शिवारात एका बारासाठी विचार करणारा माणूस मात्र म्हातारा झाला आहे. त्याच्या मुलाने परवाना वर्ग करून घेतला नाही. बंदूक ठाण्यात जमा केली, असे तो सांगतो, आणि ह्या सांगण्यात त्याला फारसे दुःखही दिसत नाही.

श्रोतेहो, औट्रमने १८२५ साली जे केले त्यात त्याचा स्वार्थ होता, साम्राज्याचा स्वार्थ होता. तरीही त्याने राखणदाराला राखणीचे साधन, वेतन आणि जबाबदारी ही तिन्ही एकदम दिली. १८७८ च्या कायद्याने साधन काढून घेतले. १९५९ च्या कायद्याने साधन परत दिले, पण ते जमीनधारकाला. १९७२ च्या कायद्याने जबाबदारी खात्याकडे गेली. रानाच्या कडेला राहणारा जो माणूस जंगलही ओळखतो आणि पीकही पिकवितो, त्याच्याकडे राखणीची तिन्ही अंगे पुन्हा एकत्र कशी येतील, हा प्रश्न ह्या दोनशे वर्षांनी आपल्यापुढे ठेवला आहे. त्याचे उत्तर बंदूकच असेल असे माझे म्हणणे नाही. कदाचित ते वेळेवर मिळणारी भरपाई असेल, गावाने मिळून घातलेले कुंपण असेल, किंवा पगारी जागल्याची जुनी प्रथा नव्या रूपाने येणे असेल. परंतु उत्तर काहीही असो, ते त्याला विचारून ठरावे. १८७८ साली त्याला कोणी विचारले नव्हते.